एक उपडी करवंटी

रत्नागिरीहून परतल्यापासून भेटेल ती मैत्रीण मला समुद्राविषयी विचारते. समुद्र आहे, सायंकाळी त्याच्यावर जुन्या तांब्याची झळाळी येते, आणि दूर कोणी धान्य पाखडीत बसावे तसा त्याचा आवाज कानाशी चालू राहतो. एवढे सांगून मी तो विषय संपवते. मला बोलायचे आहे ते नारळाच्या करवंट्यांविषयी, आणि ते शांतपणे बोलणे मला अजून जमत नाही.

पुण्याच्या आमच्या महिला मंडळाने यंदा आरोग्यप्रचाराचे काम हाती घेतले. शाळाशाळांतून हिंडून, डास आणि गोचीड यांच्या दंशापासून आपला बचाव कसा करावा हे मुलांना चित्रे दाखवून आणि गाऊन शिकवायचे, अशी योजना होती. माहिती मंडळातल्या डॉक्टरीणबाईंची, चित्रे एका ड्रॉइंगमास्तरांची, आणि ओव्या माझ्या. लहानपणी वडिलांनी ओवी, आर्या, श्लोक यांच्या चाली माझ्या कानांत अशा काही घातल्या, की यमक जुळल्याशिवाय कोणतीही गोष्ट मला पुरती खरी वाटत नाही. हा दोष आरंभीच कबूल करून ठेवते.

ज्या गावी मी राहिले त्याचे नाव लिहीत नाही. पावसच्या अलीकडे, सड्यावरून, म्हणजे कातळाच्या उंच माळावरून, उतरले की लागणारी ती एक वाडी आहे, एवढे पुरे.

अश्विन वद्य तृतीया

आगबोटीवर जे सर्वांचे होते ते माझेही झाले. ते वाचून कोणाचे भले व्हायचे नाही. भाट्याची खाडी तरीने ओलांडून बैलगाडी दक्षिणेच्या वाटेला लागली तेव्हा कुठे माझे डोळे नीट उघडले. सड्यावरचे गवत पिवळे पडू लागले होते आणि त्याच्या मधूनमधून जांभ्याचा तांबडा-काळा कातळ भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा वर आलेला दिसत होता. खाली खाचरांत भात पिकून लवले होते. पाखाडीच्या पायऱ्या उतरता उतरता हवा बदलली. वरच्या उन्हाचा कोरडा वास मागे पडला आणि नारळ-पोफळीच्या सावलीतला, ओल्या मातीचा आणि सडत्या झावळ्यांचा जड वास अंगावर आला.

उतरायचे होते माईंच्या घरी. त्यांचे यजमान मुंबईस एका पेढीवर असतात. इकडची आंब्याची कलमे, रहाट, गाईगुरे आणि गावातली निम्मी भांडणे माई एकट्या सांभाळतात. शाळेची इमारतही त्यांच्याच जागेत उभी आहे. पानावर तांदळाची ऊन भाकरी, कुळथाचे पिठले आणि आमसुलाचे सार आले. आम्हां देशावरच्या माणसांची बोटे ज्वारीच्या भाकरीला सरावलेली, त्यामुळे ही पांढरी, लुसलुशीत भाकरी मोडायला मला हात कुठे लावावा ते कळेना. माई म्हणाल्या, “मोडा, मोडा. पुण्याच्या माणसाला बघून ती काय लाजायची नाही.”

आतल्या खोलीत त्यांचा नऊ वर्षांचा बाळू तापाने पडला होता. हिवताप असेल म्हणून पोस्टातून कोयनेलच्या पुड्या आणून दिल्या होत्या, त्यांचा काही उपयोग झाला नव्हता. पोराचे सांधे असे दुखत की पांघरूण ओढले तरी तो कण्हे. गावात याला हाडमोडा ताप म्हणतात. माईंनी सांगितले, शाळेतली अकरा मुले याच तापाने घरी आहेत. एक उठते तर दुसरे पडते.

तिसऱ्या प्रहरी शाळा पाहिली. हेडमास्तरांना सारा गाव अण्णा म्हणतो. सडपातळ, स्वच्छ धोतर, बोलणे मोजके. त्यांनी मला प्रथम नेले ते मागच्या पडवीत. तिथे भिंतीशी जमिनीवर सेहेचाळीस करवंट्यांची एक लांब रांग होती, मुलामागे एक. प्रत्येक करवंटी मातीत कोरलेल्या खळगीत बसवलेली, प्रत्येकीत काठोकाठ पाणी, आणि कौलांच्या फटींतून येणाऱ्या उन्हाचा एकेक कवडसा प्रत्येकीत तरंगत असलेला. मी खरोखर मोहून गेले. अण्णांच्या शाळेत पाटी थुंकीने पुसायची नाही, असा कडक नियम आहे. म्हणून ज्याची त्याची करवंटी. शाळा सुटण्यापूर्वी ती भरून ठेवायची, म्हणजे सकाळी प्रार्थना होताच पाटी पुसून लेखन सुरू. पाणी कमी झाले की वरून भर घालायची, सांडायचे नाही. विहीर लांब आहे. गेल्या वर्षी शाळा तपासायला डेप्युटीसाहेब आले होते, त्यांनी ही रांग पाहून शेरेबुकात लिहिले की, येथील पाण्याची शिस्त इतर शाळांनी घेण्यासारखी आहे. तो शेरा अण्णांनी मला वाचून दाखवला. पान न शोधता पुस्तक तिथेच उघडले.

रांगेच्या शेवटी एक करवंटी मात्र रिकामी आणि उपडी होती.

“ती धनगरवाड्यावरची पोर, भागी,” अण्णा म्हणाले. “सहा महिने सांगतोय. रोज जाताना पाणी ओतते, करवंटी घासते आणि पालथी घालून जाते. मग सकाळी सगळे लिहीत असतात आणि ही विहिरीवर. कान पिळून झाला, अंगठे धरून झाले. रानातली सवय, दुसरं काय.”

मी मान डोलावली. ते आज आठवले की माझी मान मलाच परकी वाटते.

वद्य पंचमी

आज पहिला पाठ. भिंतीवर चित्रे टांगली. डास गलिच्छ डबक्यांत होतो, गटारात होतो, खाचरात होतो. अंगभर कपडे घालावेत, निरगुडीचा धूर करावा, निजताना पांघरूण घ्यावे, हे सर्व सांगितले. मग गोचिडीकडे वळले. गुरांच्या कानांत लाल मण्यासारखी फुगलेली गोचीड या मुलांनी रोज पाहिलेली. तिच्या दंशाने माणसालाही ताप येतो हे मात्र त्यांना नवे होते. येथे मी माझी ओवी म्हटली. ती इथे देते, कारण न दिली तर पुढचे काही कळणार नाही, आणि दिली तर मला लाज वाटेल. तीही वाटायला हवी.

गाईच्या कानी माणकांची माळ ।
नव्हे ती माळ, तापाचा काळ ।
मुलांनो, मानावा मनी विटाळ ।
बैसू न द्यावे जवळी ॥

‘काळ’ला यमक हवे होते. ‘विटाळ’ हा शब्द समोर उभाच होता. या देशात तो नेहमीच समोर उभा असतो, त्याला शोधावे लागत नाही.

मुलांना ओवी फार आवडली. शेवटच्या ओळीवर ती एकमेकांना ढकलू लागली, हसू लागली. खारव्यांच्या मुलांनी तिला होडी ओढतानाची चाल लावली. संध्याकाळी मी माईंच्या अंगणात बसले होते, तर दगडी गडग्यापलीकडून, विहिरीवरून, पार खालच्या वाडीतून माझे शब्द ऐकू येत होते. एका दिवसात एवढा प्रसार! मी सुखावले. माईंना म्हटले, कवितेचे सामर्थ्य हे असे असते.

वद्य षष्ठी

शाळेत गेले तो भागीची जागा रिकामी. सकाळी कोणाच्या तरी बसकरावर एक गोचीड सापडली होती. ती कुठून आली हे कोणी पाहिले नव्हते. बसकराच्या धन्याच्या घरी तीन म्हशी आणि दोन कुत्री आहेत. पण गोचीड दिसताच सगळ्या वर्गाने भागीकडे तोंडे केली आणि ओवी म्हणायला सुरुवात केली. अण्णांनी तिला उचलून मागच्या पडवीत, करवंट्यांच्या रांगेशी बसवले. आत वर्गात पाढ्यांच्या अधेमधे मुले ती ओळ गुणगुणत राहिली. मधल्या सुट्टीत भागी पाटी घेऊन निघून गेली.

मी अण्णांना विचारले, हे काय केलेत?

“आपल्याच उपदेशाची अंमलबजावणी,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात उपहास नव्हता. त्यांना खरेच वाटत होते की मी प्रसन्न होईन.

माझा संताप अनावर झाला. आणि तो ज्याच्यावर काढावा असे माणूस शोधू लागले तर प्रत्येक वाट फिरून माझ्याच दाराशी येत होती. मुलांना डासापासून वाचवायला पुण्याहून निघालेली मी, दोन दिवसांत एका मुलीला शाळेतून घालवून बसले होते.

वद्य सप्तमी

सकाळी माईंकडे दुधाचा रतीब घालायला एक बाई आली. उंच, काटक, काष्टा घट्ट खोचलेला, डोक्यावर पितळी चरवी. तिने दूध मापून दिले, चरवी खाली ठेवली आणि ओटीवर मी बसले होते तिकडे पाहिले.

“ते गानं सांगनाऱ्या बाय तुमीच?”

मी होय म्हटले.

“मी रखमा. भागीची आये.” तिने चरवीचे तोंड फडक्याने झाकले. “परवापासून पोर माज्याबी जवळ निजत नाय. बोलते, आये, मी लांबच बरी.”

माई मध्ये पडून काही सांगू लागल्या, तेव्हा रखमा त्यांना म्हणाली, “तुमच्या दुधात इटाळ नाय ना माई? ते ह्याच हातानं काडते मी.” माई दुधाचे पातेले उचलून आत गेल्या.

मी तिच्याबरोबर धनगरवाड्यावर निघाले. पाखाडीवर माझ्या वहाणेचा अंगठा तुटला आणि ती तिथेच कडेला टाकून उरलेली चढण मी एका पायात वहाण घालून चढले. रखमा पुढे चालली होती आणि तिने मागे वळून पाहिले नाही. ते योग्यच होते. सड्याच्या पोटाशी चार घरे. मला वाटले होते शेणामुताचा वास येईल. आला तो निरगुडीच्या धुराचा आणि नुकत्या कढवलेल्या लोण्याचा. घराच्या कुडाबाहेर लाकडी खुंट्यांची रांग होती आणि प्रत्येक खुंटीवर एक भांडे, राखेने आणि नारळाच्या सोडणाने घासून, धुरी देऊन, तोंड खाली करून टांगलेले. एकही भांडे आभाळाकडे तोंड करून नव्हते. गुरांची डोणसुद्धा पाणी पाजून झाल्यावर कलती केलेली.

मी विचारले, सगळी उपडी का?

“उघडं भांडं कोनाचंबी घर व्हतं,” रखमा म्हणाली. “माशी येते, किडा येतो, पाली येतात. दूध नासतं. आमच्यात भांडं पालथं घातल्याबिगर बाय मानूस दारात पाय नाय टाकत.”

भागी म्हशीच्या कानात बोटे घालून काहीतरी पाहत होती. आठ वर्षांची, तेलकट वेणी, हातांवर ओरखडे. मी जवळ गेले तशी ती दोन पावले मागे सरली. मी आणखी एक पाऊल पुढे टाकले. मग ती एकदम म्हणाली, “बाई, हलू नका. तुमच्या मानेवर हाय.”

पाखाडीच्या कडेच्या गवतातून ती चढली असावी. मी, चित्रे घेऊन हिंडणारी, अंगभर कपड्यांचा उपदेश करणारी, मान उघडी टाकून गवतातून आले होते. भागीने दोन नखांनी तिला अगदी कातडीजवळ धरले, वर सरळ ओढले, आणि धुरीच्या निखाऱ्यात टाकले. माझ्या चित्रात गोचीड कशी काढावी ते कुठेच नव्हते.

“चिरडायची नाय,” ती मला सांगू लागली, जसे आपण लहान मुलाला सांगतो. “आनि पिळायची नाय. मुंडकं आत ऱ्हायलं तं पिकतं. आता राखेनं हात धुवा. रोज सांजेला बघायचं. कानामागं, मानेवर, काखेत, गुडघ्याच्या मागं. मी आयेची बघते, आये माजी बघते.”

“आणि तुझ्या अंगावर कधी सापडते?”

“सापडते की. मंग काडायची.” तिने माझ्याकडे नवलाने पाहिले. “गोचीड हाय ती. तिला काय कळतं, ही कोनाची मान.”

या धनगरवाड्यावर हाडमोडा ताप कोणालाही आलेला नव्हता. हे रखमाने सहज सांगितले आणि मी सहजच ऐकून घेतले.

वद्य अष्टमी

आज शाळेत प्रार्थना झाल्यावर मी उभी राहिले आणि म्हणाले, “अण्णा, काल माझ्या मानेवर गोचीड सापडली. मी कुठे बसू?”

मुले आधी हसली, मग थांबली. अण्णा म्हणाले, आपली गोष्ट वेगळी. मी विचारले, कशी? ते म्हणाले, आपण पाहुण्या. मी म्हटले, गोचिडीने तो विचार केला नाही. आणि माझी पिशवी घेऊन मागच्या पडवीत, भागीला बसवले होते त्याच जागी जाऊन बसले.

हे मी केवळ रागाने केले. त्यात काही युक्ती होती असे कोणी समजू नये. पण रागाने माणूस कधीकधी योग्य जागी जाऊन बसतो. दहाचा सुमार, लख्ख ऊन, आणि माझ्या पायाला डास चावला. मग दुसरा. मी तोपर्यंत हेच धरून चालले होते की डास हा अंधाराचा प्राणी. हे डास काळे होते आणि त्यांच्या पायांवर पांढरे बारीक पट्टे होते, कोणी वेताच्या काडीला चुन्याचे कडे काढावे तसे. त्यांतला एक माझ्या घोट्यावरून उठून समोरच्या करवंटीच्या काठावर जाऊन बसला.

मी वाकून पाहिले. त्या निवळशंख पाण्यात, कवडशाच्या आत, कितीतरी बारीक जीव डोके खाली करून लटकले होते. माझी सावली पडताच सगळे वळवळत तळाशी गेले आणि पुन्हा हळूहळू वर आले. दुसऱ्या करवंटीत तेच. तिसरीत तेच. मी गुडघ्यांवर रांगत सगळी रांग पाहिली. शेवटची उपडी होती. ती उचलली, आत कोरडी, घासलेली, पिवळसर गुळगुळीत.

डबक्यांत, गटारात, गलिच्छ पाण्यात, असे मी दोन दिवस घसा कोरडा करून शिकवले होते. स्वच्छ पाणीही चार दिवस तसेच राहिले की पुरते, हे त्या ओव्यांत मी घातलेच नव्हते.

मी अण्णांना हाक मारली. त्यांनी पाहिले आणि म्हणाले, हे पाण्याचे किडे, डास नव्हेत. वाद नको म्हणून मी माईंकडून कंदिलाच्या दोन काचा आणल्या. रांगेतल्या एका करवंटीवर एक बसवली. दुसऱ्या करवंटीत, म्हणजे भागीच्या, ताजे पाणी भरून तिच्यावर दुसरी. दोन्हींची वरची तोंडे मलमलीने बांधली आणि सगळ्या मुलांना दिसतील अशा टेबलावर ठेवल्या. माझा पाठ त्या दिवशी एवढाच.

वद्य दशमी

सकाळी मुले टेबलाभोवती कोंडाळे करून उभी. पहिल्या काचेत सात-आठ डास भिंतीला चिकटून बसले होते, पायांवर पांढरे पट्टे. दुसऱ्या काचेत पाणी होते आणि काही नव्हते.

एका खारव्याच्या मुलीने विचारले, “अण्णा, म्हंजे आपनच पाळले काय हे?”

अण्णांनी वाकून दोन्ही काचा पाहिल्या. मला वाटले, आता हा माणूस समजला. पण मग ते म्हणाले की, काच घातल्याने पाणी कोंदटले. आणि ती दुसरी करवंटी दुधाच्या घरातली, तिचा काही वास असेल. आणि दिवाळीनंतर डेप्युटीसाहेब पुन्हा यायचे आहेत, त्यांनी लिहून दिलेली शिस्त आपण कोणाच्या सांगण्यावरून मोडायची? एव्हाना बारा मुले तापात कण्हत होती, आणि या गृहस्थाला शाईत लिहिलेली ओळ डोळ्यांनी दिसणाऱ्या डासापेक्षा खरी वाटत होती. मी फार कठोर बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, कारण ते बरोबर असले तरी त्याने काही झाले नाही.

झाले ते माईंनी. मी काचा मागितल्या तेव्हापासून त्यांच्या मनात काही शिजत होते. त्या बाळूची पेज चुलीवर ठेवून तशाच आल्या होत्या. त्यांनी काच पाहिली, मग मागच्या पडवीत गेल्या आणि विचारले, “ह्यातली बाळूची कुठली?” एका मुलाने दाखवली. माईंनी ती पायाने उलटी केली. मग शेजारची. मग तिच्या पुढची. पदर खोचून त्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेल्या आणि पाणी त्यांच्या पावलांमागून पडवीभर वाहत गेले.

“माई, साहेबांचा शेरा आहे हो,” अण्णा म्हणाले.

“शेरा साहेबांचा, अण्णा. पडवी माझी.”

करवंट्यांचा प्रश्न तिथे मिटला. रोज सुटताना पाणी ओतायचे, सोडणाने घासायचे, पालथी घालायची. अण्णांनी नवा नियम फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिला. मी विचारले, “आणि भागी?”

“ती येऊ दे,” ते म्हणाले. “पण मुलं तिच्याजवळ बसायची नाहीत. मी काय करू? ते आपण शिकवलंत.”

मी मुलांकडे वळून सांगितले की माझी ओवी चुकली; गोचीड कोणाच्याही अंगावर येते, माझ्याही आली, आणि ती भागीने काढली; आणि डास तुमच्या-माझ्या करवंटीत वाढले, तिच्या नाही. एक मुलगा म्हणाला, “मग गाणं खोटं?” मी म्हटले, शेवटच्या दोन ओळी खोट्या. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले की त्याला आवडत होत्या त्या नेमक्या याच.

वद्य एकादशी

भागी आली. अण्णांनी तिला शेवटी जागा दाखवली. मी तिला मध्ये बसवले. तिने मुलांना जोड्यांनी उभे करून एकमेकांच्या कानामागे आणि मानेवर पाहायला शिकवले. खारव्याच्या मुलीला तिच्याच भावाच्या काखेत एक गोचीड सापडली तेव्हा भागी म्हणाली, “चिरडू नको, ओढ. सरळ.” वर्गात दहा-पंधरा मिनिटे कोणीही कोणापासून दूर नव्हते. मी नवी ओवी शिकवली:

गळा नि मान, कानाचे मूळ ।
सांजेला पाहू एकमेकांजवळ ।
उपडी करवंटी, अंगण निर्मळ ।
बैसू सारे जवळी ॥

मुलांनी ती आज्ञाधारकपणे म्हटली. हसले कोणी नाही, आणि होडीची चालही कोणी लावली नाही.

वसुबारस

दुसऱ्या दिवशी शाळेला दिवाळीची सुट्टी लागली आणि मी निघाले. माईंच्या अंगणात गायवासराची पूजा चालली होती. गाईच्या कपाळाला कुंकू, शिंगांना झेंडूची माळ, खुरांवर पाणी. आज घरात कोणी दूध पिणार नव्हते, म्हणून रखमाचा रतीब नव्हता. सगळा गाव गाईला हात जोडत होता; तिच्या कानातली गोचीड रोज काढणाऱ्या पोरीला शाळेत कुठे बसवावे, हा मात्र चर्चेचा विषय होता. मला त्या कुंकवाकडे पाहवेना.

भागी पाखाडीच्या वरच्या पायरीवर माझी वाट पाहत उभी होती. तिने माझी तुटलेली वहाण आणली होती, अंगठा सुंभाने नीट बांधलेला. मी ती घेतली. गाडी निघता निघता तिने विचारले, “बाई, ते पयलं गानं तुमी परत घेतलं ना?”

मी म्हटले, “घेतले.”

एवढे झाले. पुण्यास आले, मंडळात अहवाल वाचला, टाळ्या मिळाल्या. नंतर माईंचे पत्र आले. बाळू बरा आहे आणि शाळेत जातो. नवे तापकरी नाहीत. डेप्युटीसाहेब येऊन गेले. पडवीत पंचेचाळीस करवंट्या ओळीने उपड्या पाहून त्यांनी शेरेबुकात लिहिले की, हेडमास्तरांची ही कल्पना डासांच्या बंदोबस्तासाठी अनुकरणीय आहे. अण्णांनी तो शेरा माईंना वाचून दाखवला.

मी पंचेचाळीस हा आकडा पुन्हा वाचला; मी पाहिल्या होत्या त्या सेहेचाळीस. पुढे माईंनी लिहिले होते: ‘भागी दिवाळीपासून येत नाही. आत तिला कोणी काही म्हणत नाही, अण्णाही नाही. पण पाखाडीवर मुलं तुमचं पहिलंच गाणं म्हणतात. दुसरं कोणाला येत नाही. तिची करवंटी मी घरी आणून उपडी घालून ठेवली आहे.’

शब्द परत घेता येतात असे मी त्या मुलीला सांगून आले, आणि इथे पुण्यात बसून ते परत घेता येत नाहीत. ते जिथे म्हटले जातात त्या पाखाडीवरच जाऊन, एकेका मुलाच्या तोंडून, उतरवून घ्यावे लागतील. मंडळाने विचारले, पुन्हा त्याच गावी का? दुसऱ्या किती शाळा राहिल्या आहेत. मी काही समजावत बसले नाही. सुंभाने बांधलेली वहाण ट्रंकेत ठेवली आहे, आणि गुरुवारच्या आगबोटीचे तिकीट काढले आहे.